चोथ्याचे मोल : औषधनिर्माणशाळा आणि चक्राकार अर्थव्यवहार

क्वाथ गाळून झाला, की आपले सारे लक्ष पात्रातील द्रवाकडे जाते. त्याचा वर्ण, गंध, प्रमाण आपण पाहतो. फडक्यात उरलेल्या चोथ्याकडे मात्र कोणी वळून पाहत नाही. तो टोपलीत जातो, टोपली मागील दाराने बाहेर जाते आणि तेथे आपल्या दृष्टीने औषधाची कथा संपते. वस्तुतः ती तेथे संपत नाही. ती पुढे कोठे जाते, याचा अनुभव आमच्या परिचयातील एका वैद्यांना आला. तो वाचक वैद्यबंधू-भगिनींसमोर मांडावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

नगर जिल्ह्यातील एका गावाबाहेर या वैद्यांची छोटी फार्मसी आहे. आसवारिष्टे आणि क्वाथ हे त्यांचे मुख्य काम. इमारतीमागे एक खड्डा होता. रोजचा चोथा, संधानपात्रांच्या तळाचा गाळ आणि भांडी धुतलेले पाणी त्यातच जाई. तीन पावसाळे गेले आणि शेजारच्या शेतकऱ्याच्या विहिरीचे पाणी तांबूस झाले, त्यास दर्प येऊ लागला. हा शेतकरी त्याच वैद्यांचा जुना रुग्ण. तो भांडावयास आला नाही. विहिरीचे पाणी काचेच्या बाटलीत भरून तो दवाखान्यात रांगेत बसला आणि पाळी आल्यावर बाटली मेजावर ठेवून म्हणाला, "डॉक्टरसाहेब, एवढं बघा. हे पिऊ का?"

या प्रश्नावर त्या वैद्यांजवळ उत्तर नव्हते. आज आपल्यापैकी किती जणांजवळ ते आहे, हे प्रत्येकाने आपल्या निर्माणशाळेच्या मागील दारी जाऊन पाहावे.

साखरपट्ट्याने दिलेला धडा

कच्चा माल आणावा, वस्तू करावी, विकावी आणि उरलेले फेकावे, अशा सरळ रेषेत आजवर बहुतेक उद्योग चालत आले. उरलेले पुन्हा कोणाच्या तरी कामी यावे आणि रेषेचे वर्तुळ व्हावे, या विचारास आज 'चक्राकार अर्थव्यवस्था' म्हणतात. शब्द नवा असला, तरी त्याचा वस्तुपाठ आपल्याच जिल्ह्यात आहे.

लोणी येथे पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील यांनी, अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाने, शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा केला आणि १९५०-५१ च्या हंगामात त्याचे गाळप सुरू झाले. आशियातील पहिला सहकारी साखर कारखाना म्हणून तो ओळखला जातो. पुढे प्रवरा, गोदावरी आणि मुळेच्या काठी अनेक कारखाने झाले. या उद्योगाचे गणित पाहण्यासारखे आहे. १०० टन उसातून साखर निघते ती साधारण १० ते १२ टन. त्याखेरीज २८ ते ३० टन बगॅस, ४ ते ५ टन मळी आणि ३ ते ४ टन प्रेसमड निघते. म्हणजे ज्या वस्तूसाठी कारखाना उभा राहिला, तिच्या तिपटीहून अधिक वजनाचे शेष पदार्थ हाती उरतात.

प्रारंभी हे शेष म्हणजे एक डोकेदुखीच होती. पुढे बगॅस बॉयलरमध्ये गेले आणि त्यातून कारखान्याची वाफ भागून वीज उरू लागली. मळी आसवनीत गेली आणि तिचा मद्यार्क झाला. २००३ मध्ये देशाच्या काही भागांत पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळण्याचा कार्यक्रम सुरू झाला. २०२५ पर्यंत हे प्रमाण २० टक्क्यांवर पोहोचले. प्रेसमडचे खत झाले आणि ते उसाच्याच शेतात परत गेले. श्रीरामपूरजवळ टिळकनगर येथे महादेव डहाणूकर यांनी १९३३ मध्ये स्थापिलेल्या उद्योगाची कथा तर अधिक बोलकी आहे. तेथे साखरनिर्मिती कालांतराने बंद पडली आणि मळीच्या आधाराने वाढलेला आसवनीचा व्यवसाय मात्र टिकला. मुख्य मालाहून शेषावरचा धंदा दीर्घायुषी ठरला.

या चित्राची दुसरी बाजूही लपवू नये. एक लिटर मद्यार्कामागे ८ ते १५ लिटर स्पेंटवॉश निघतो. जेथे तो तसाच सोडला गेला, तेथे ओढे आणि विहिरी काळवंडल्या. २००३ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पुढाकाराने उद्योगांनी स्वीकारलेल्या पर्यावरण सनदेत आसवन्यांसाठी स्पेंटवॉश बाहेर न सोडण्याचे उद्दिष्ट ठरले. त्यापासून बायोगॅस करणे, प्रेसमडबरोबर त्याचे कंपोस्ट करणे, आटवून तो जाळणे अशा वाटा काढाव्या लागल्या. तात्पर्य, शेषाला वाट करून दिली तर ते धन होते, न दिली तर ते विष होते. आमदोषाविषयी आपण रुग्णांना नित्य जे सांगतो, त्याहून हे वेगळे नाही.

डेन्मार्कमधील कालुंदबोर्ग या बंदराच्या गावी १९७० च्या दशकापासून असाच सहयोग वाढत गेला. तेथील वीजकेंद्राची वाफ औषध कारखान्यास मिळते, तेलशुद्धीकरण कारखान्याचा वायू जिप्समच्या पाट्या करणाऱ्यास मिळाला आणि औषध कारखान्यातील किण्वनाचा गाळ शेतकऱ्यांनी खत म्हणून नेला. हे कोणा शासनाच्या आराखड्याने घडले नाही. शेजाऱ्याला काय हवे आणि आपल्याकडे काय उरते, याची चौकशी व्यवस्थापकांनी आपसांत केली, आणि दोघांच्याही खर्चात बचत होते असे दिसल्यावर करार झाले.

आपल्या शास्त्राची दृष्टी

हा विचार आपल्याला परका नाही. शार्ङ्गधर संहितेच्या मध्यम खंडातील संधानकल्पनेचा अध्याय आठवावा. सुरेचा वरचा स्वच्छ भाग ती प्रसन्ना, त्याहून घन ती कादंबरी, तिच्या खालचा जगल, जगलाहून घन तो मेदक. सार काढून घेतलेल्या शेवटच्या भागासही आचार्यांनी बक्कस असे नाव दिले, आणि सुराबीज म्हणजे किण्व, हेही सांगून ठेवले. पात्राच्या तळापर्यंत प्रत्येक थराला नाव आहे. ज्याला नाव असते त्याकडे लक्ष जाते आणि त्याचा उपयोगही सुचतो. आपण मात्र त्या साऱ्याला 'गाळ' या एकाच शब्दात गुंडाळून टाकले आहे.

गावोगावच्या गुऱ्हाळात उसाचे चिपाड वाळवून त्याच काहिलीखाली जळते. घरोघरी लोणी काढल्यावर ताक टाकून देत नाहीत. आपण तर त्याचे तक्रकल्प सांगतो. १९१७ मध्ये नगर येथे आयुर्वेद महाविद्यालयाचा पाया घालणारे वैद्यपंचानन गंगाधरशास्त्री गुणे यांच्या या नगरीत औषधनिर्मितीची परंपरा शतकाहून जुनी आहे. त्या परंपरेने द्रव्याचा मान राखण्यास शिकविले. द्रव्य निःसत्त्व झाले, म्हणून हा मान संपू नये.

प्रत्यक्ष हिशेब

व्यवसाय चालविणाऱ्यास केवळ तत्त्व पुरत नाही, आकडे लागतात. म्हणून एक उदाहरण घेऊ. समजा, एखाद्या फार्मसीत दररोज १०० किलो शुष्क भरडीचा क्वाथ होतो. सोळा पट, म्हणजे १६०० लिटर पाणी घालून अष्टमांश, म्हणजे २०० लिटर क्वाथ उरवावयाचा. चोथ्यात शोषले जाणारे पाणी वजा केले, तरी १२०० लिटरहून अधिक पाण्याची वाफ होते.

एक लिटर पाण्याची वाफ होण्यास सुमारे ५४० किलोकॅलरी उष्णता लागते. १२०० लिटरला ती साडेसहा लाखांच्या जवळ जाते. कोरड्या लाकडाचा उष्मांक किलोला ३५०० आणि भट्टीची कार्यक्षमता ६० टक्के धरली, तर केवळ या वाफेसाठी ३०० किलोहून अधिक लाकूड जळते. म्हणजे आपल्या निर्माणशाळेतील सर्वांत महाग टाकाऊ पदार्थ धुराड्यावाटे आणि छतावाटे डोळ्यांदेखत निघून जातो. ही वाफ नळीच्या वेटोळ्यातून पुढील घाण्याच्या पाण्यात नेली आणि ते १६०० लिटर पाणी २५ अंशांवरून ८५ अंशांपर्यंत तापले, तर ९६ हजार किलोकॅलरी, म्हणजे सुमारे ४५ किलो लाकूड दर घाण्यामागे वाचते. वाफेचे थंड झालेले पाणी मजले आणि बाहेरील पात्रे धुण्यास उपयोगी पडते. आपल्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात हा लाभही लहान नाही.

आता चोथा पाहू. द्रव्याचा पाचवा हिस्सा पाण्यात उतरला असे धरले, तर ८० किलो शुष्क भाग उरतो. ओल्या चोथ्यात दोन-तृतीयांश पाणी असते असे मानल्यास त्याचे वजन २४० किलो भरते. १०० किलो माल आणला आणि २४० किलो कचरा झाला! वाहतुकीचे भाडे आपण या पाण्याचे भरतो. तोच चोथा दाबून, पातळ पसरून वाळवला, तर ९० किलोच्या आसपास उरतो आणि उष्मांकात तो जवळजवळ तितक्याच लाकडाची जागा घेऊ शकतो. नगरकडील कडक ऊन फाल्गुन-चैत्रात हे काम फुकट करते. पावसाळ्यात वाळवणे अशक्य होते, म्हणून त्या चार महिन्यांत चोथा कंपोस्टकडे वळवावा.

हे आकडे उदाहरणार्थ आहेत. प्रत्येकाची भट्टी, द्रव्य आणि भाव निराळे असतील. पण आठ दिवस काटा मागील दारी ठेवून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक टोपलीचे वजन नोंदवावे, असा आमचा आग्रह आहे. खरेदीची वही प्रत्येक फार्मसीत असते, टाकण्याची वही कोठेही नसते.

कोणत्या शेषाची कोणती वाट

काष्ठौषधींच्या चोथ्याचे उत्तम खत होते. मात्र ताजा चोथा शेतात टाकू नये. साल, मूळ आणि काष्ठ यांत कर्ब फार व नत्र अल्प असते. तसा चोथा मातीत कुजताना पिकाच्याच वाट्याचा नत्र ओढून घेतो आणि रोपे पिवळी पडतात. शेणाचे थर देऊन, ओलावा राखून, अधूनमधून उलथून तो आधी कुजवावा आणि मग गांडुळांच्या स्वाधीन करावा. राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठ १९६८ पासून आपल्या उशाशी आहे आणि बाभळेश्वर येथे कृषी विज्ञान केंद्र आहे. तेथील तज्ज्ञांचा सल्ला अवश्य घ्यावा.

स्नेहपाकातील कल्क हा दुर्लक्षित खजिना आहे. स्नेहाच्या चतुर्थांश कल्क घेतल्यास १०० किलो तेलामागे २५ किलो कल्क पडतो आणि गाळल्यानंतरही तो बरेच तेल धरून ठेवतो. कोमट असतानाच दाबयंत्रात दाबल्यास त्यातील पुष्कळ तेल परत मिळते. हे तेल वेगळे ठेवावे, परीक्षण करावे आणि मानकात बसले तरच त्याच घाण्यात मिळवावे. उरलेला कल्क हे उत्तम जळण होय.

च्यवनप्राशाच्या हंगामात आमलकीच्या बिया आणि चाळणीवरील तंतू यांचे ढीग लागतात. बियांत तेल असते आणि केशतैल करणाऱ्यांकडून त्यांस मागणी येऊ शकते. तंतूंचे खत होते. त्रिफळ्यासाठी काढलेल्या हिरडा-बेहड्याच्या बिया वाळवून जाळता येतात.

आसवारिष्टाच्या तळचा गाळ किण्व म्हणून पुढील संधानास लावण्याची रीत जुनी आहे. ती पाळावयाची तर गाळ त्याच योगाचा, त्याच आठवड्यातील आणि शुक्तत्व न आलेल्या पात्रातीलच असावा. आंबट झालेल्या पात्राचा गाळ वापरल्यास एका घाण्याचा दोष दहा घाण्यांस लागतो. असा गाळ चुना मिसळून कंपोस्टात घालावा; गटारात सोडू नये. पाण्यातील प्राणवायू शोषून घेणारा याच्यासारखा दुसरा पदार्थ आपल्या कारखान्यात नाही. पूर्वोक्त शेतकऱ्याच्या विहिरीस बाधा झाली ती प्रामुख्याने यानेच.

लक्ष्मणरेषा

चक्राचा उत्साह औषधाच्या शुद्धतेवर येता कामा नये. म्हणून काही मर्यादा स्पष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे.

पहिली मर्यादा ही, की सत्त्व काढलेले द्रव्य वाळवून कच्च्या औषधीच्या बाजारात कदापि जाऊ देऊ नये. निःसत्त्व द्रव्याची भेसळ हा आपल्या व्यापाराला लागलेला जुना रोग आहे. चोथा विकत नेणारा कोण आहे आणि तो त्याचे काय करतो, याची लेखी नोंद ठेवावी आणि देण्यापूर्वी चोथा शेण किंवा मातीत मिसळून द्यावा. आपलाच टाकलेला अर्जुनत्वक् भरडीच्या पोत्यातून आपल्याकडेच परत येणे, हेही एक चक्रच आहे. पण ते रुग्णाच्या हृदयावरून जाते.

दुसरी, वत्सनाभ, कुपीलू, भल्लातक, धत्तूर यांचे शेष आणि त्यांच्या शोधनाचे द्रव इतर चोथ्यात मिसळू नयेत. जनावरांच्या वाड्याकडे तर चोथा मुळीच पाठवू नये.

तिसरी, पारद, नाग, ताल, मनःशिला इत्यादींच्या खलांचे धुवण, पुटांची राख आणि फुटकी शरावे खतात अथवा विटांत जाऊ देऊ नयेत. ती घातक कचऱ्याच्या अधिकृत व्यवस्थेकडेच गेली पाहिजेत.

चौथी, पंचकर्मगृहातील तेल एका रुग्णाचे दुसऱ्यास वापरू नये. रक्तमोक्षणातील कापूस, सुया आणि जळवा यांना २०१६ चे जैववैद्यकीय कचरा नियम लागू आहेत, आणि त्यांत आयुष रुग्णालयांचाही स्पष्ट समावेश आहे.

औषधनिर्मितीसाठी २००० मध्ये आलेल्या शेड्यूल 'टी'नेही टाकाऊ पदार्थांच्या योग्य विल्हेवाटीची अपेक्षा ठेवलेलीच आहे. तपासनीस येतो म्हणून नव्हे, तर काम नेटके व्हावे म्हणून ती पाळावी.

बाटली आणि पुडी

पूर्वी काढा नेण्यास रुग्ण घरून बाटली घेऊन येत असे. तिला कागदी पट्टीवर मात्रेच्या खुणा चिकटवीत. आज प्रत्येक भेटीस नवी प्लास्टिकची बाटली जाते. महाराष्ट्राने २०१८ मध्ये अनेक प्लास्टिक वस्तूंवर बंदी घातली, तर २०२२ पासून वेष्टनाच्या प्लास्टिकबाबत उत्पादक व नाममुद्राधारकांचे विस्तारित दायित्व केंद्राने निश्चित केले. आपला उद्योग त्यातील कोणत्या वर्गात बसतो, हे प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयातून समजून घ्यावे.

दवाखान्यापुरता एक साधा उपाय करता येतो. काचेची बाटली अनामत रकमेवर द्यावी आणि परत आल्यावर रक्कम परत करावी. गरम पाण्याने व सोड्याने धुऊन, उकळून, वाळवून ती पुन्हा वापरावी. मात्र ही सोय वैद्याने आपल्या रुग्णास स्वहस्ते दिलेल्या ताज्या काढ्यापुरतीच ठेवावी. परवानाप्राप्त उत्पादनाच्या विक्रीसाठी जुन्या बाटल्या भरू नयेत, आणि रिकाम्या बाटलीवरील आपले लेबल काढून टाकल्याशिवाय ती भंगारात देऊ नये. बनावट माल बहुधा खऱ्या बाटलीतूनच विकला जातो.

चक्र पूर्ण होते ते शेतात

खत तयार झाले, की ते कोणाला द्यावे? आमच्या मते, ज्यांच्याकडून आपण द्रव्य घेतो त्यांनाच. शतावरी, अश्वगंधा, अडुळसा, तुळस, गुळवेल ही द्रव्ये जिल्ह्यात होऊ शकतात. पाच-सहा लहान फार्मस्यांनी एकत्र येऊन काही शेतकऱ्यांशी करार केला, त्यांना खत दिले आणि माल ठरल्या भावाने घेतला, तर द्रव्य कोणत्या शेतातून आले हे निश्चित कळेल. शुद्ध आणि ओळख पटलेले द्रव्य मिळणे हा या साऱ्या उद्योगातील सर्वांत मोठा लाभ होय, कारण चोथ्याच्या विक्रीतून येणारे पैसे त्यापुढे किरकोळ आहेत. अकोले तालुक्यातील डोंगरांत हिरडा-बेहडा वेचणाऱ्या आदिवासी बांधवांकडूनही असाच थेट माल घेता येईल. झाडाची साल ओरबाडून नेणाऱ्या दलालापेक्षा दरवर्षी त्याच झाडाकडे परतणारा वेचक आपला खरा भागीदार आहे.

असो. प्रारंभी ज्या वैद्यांची हकीकत सांगितली, त्यांनी त्या दिवशी दवाखाना लवकर बंद केला आणि खड्डा पाहावयास गेले. शेतकऱ्याच्या घरी पिण्याच्या पाण्याची सोय त्यांनी स्वखर्चाने केली. खड्डा उपसून बुजविला, चोथ्यासाठी वाळवणीचा ओटा बांधला, धुवणाच्या पाण्यासाठी पक्क्या टाक्या केल्या आणि गाळ वेगळा काढू लागले. पहिल्या वर्षी खर्च अधिक झाला, हे त्यांनी आमच्यापाशी प्रांजळपणे मान्य केले. दुसऱ्या वर्षी लाकडाच्या बिलात फरक दिसू लागला. विहिरीच्या पाण्याचा रंग जाण्यास मात्र दोन पावसाळे लागले, आणि प्रयोगशाळेचा निर्वाळा येईपर्यंत ते पाणी कोणी तोंडात घेतले नाही.

तो शेतकरी आता त्यांच्या खताचा गिऱ्हाईक आहे आणि बांधावर त्यांच्यासाठी अडुळसा लावतो. विहिरीच्या पाण्याची ती बाटली वैद्यांनी फेकली नाही. औषधांच्या फडताळात, सर्वांना दिसेल अशी, ती त्यांनी ठेवली आहे. नव्याने कामास येणाऱ्या प्रत्येकास ते आधी ती बाटली दाखवितात आणि मग काम सांगतात.

आपल्या सभासद बंधू-भगिनींनी आपापल्या निर्माणशाळेतील टाकण्याच्या नोंदी आठ दिवस ठेवून आमच्याकडे पाठवाव्यात. त्या एकत्र झाल्या, तर कोणाचा शेष कोणाचे साधन होऊ शकतो, हे आपल्याला आपसांतच ठरविता येईल. अलमतिविस्तरेण.